एकसष्ट हजार आठशे बेचाळीस

अण्णाने गाडी दिली तेव्हा वहीही दिली.
निळा पुठ्ठा, कडेला ग्रीसचा अंगठा.
शेवटच्या पानावर:
"प्लग बदलले, ५८,३१०. पुढचे वीस हजारांनी."
अक्षर तेव्हाच ओळ सोडून खाली उतरत होतं,
आणि आम्हाला वाटलं, घाईत लिहिलं असेल.

वर्षभरात मीटर अडकलं.
काटा हलतो, आकडे नाही.
एकसष्ट हजार आठशे बेचाळीस –
लष्करातून निघताना, बँकेत पोचताना,
झाशीला जाताना आणि झाशीहून येताना.
दुरुस्त करू, करू म्हणत चार हिवाळे गेले.
माझं बरंच काही असंच गेलं, पण तो विषय वेगळा.

यंदा पौषात गाडी कुरकुरू लागली.
सकाळचे सात, धुकं असं
की फाटकाची नुसती कडी दिसते,
आणि ही किल्लीला चार-चार वेळा नाही म्हणते.
लागली तर सिग्नलला अंग झाडते
ओल्या कुत्र्यासारखं.
पेट्रोलचं तर बोलायलाच नको.

रात्री शेगडी पायाशी ओढून हिशेब मांडला.
बँक, जाऊन-येऊन अकरा किलोमीटर,
वर्षाचे अडीचशे दिवस, वर्षं चार.
झाशी सात वेळा:
चार वेळा ताईच्या गुडघ्यांसाठी,
दोनदा लग्नं,
एकदा नुसतीच, भांडून परत यायला.
अडकण्याआधीचे साडेतीन हजार धरून
सोळा हजार होतात.
पण भाजी? स्टेशन?
शेजारच्या पाठकांच्या सुनेला रात्री दोनला
दवाखान्यात नेलं ते?
आणि ज्या संध्याकाळी मी उगाच
किल्ल्याच्या पायथ्याला फेरा मारून आले,
घरात कुणी वाट बघत नव्हतं म्हणून,
त्या किती?
सोळा असतील. एकवीसही असतील.

"गिनती छोड़िए," रामसेवक म्हणाला,
"खोल के देख लेते हैं."
जिंसी नाल्याजवळ त्याची टपरी.
इंजिन गार होईपर्यंत त्याने मला चहा पाजला,
आणि फुंकर मारून कचरा उडवला
मगच पाना लावला.

तीन प्लग वर्तमानपत्रावर ओळीने.
पहिला, भाजलेल्या बिस्किटाचा रंग. ठीक.
दुसरा, चिमणीच्या काचेसारखा काजळलेला.
तिसरा रंगाने बरा, पण टोक झिजून गोल,
शाळकरी खोडरबर.
त्याने फटीत पातं सरकवलं, ते सैल हललं.
"दो अभी चल जाएँगे, ताईजी. एक बदल दूँ?"

चालतील. मलाही दिसत होतं, चालतील.
पण एकट्यालाच नवा सदरा शिवला
की उरलेले दोघं कसे वागतात
ते मला पुरेसं ठाऊक आहे.
आम्ही तिघंच होतो.
"तिन्ही," म्हटलं.

नवे त्याने आधी बोटांनी फिरवले,
कान लावून, कुलपात चावी फिरवावी तसे.
आटे एकदा चुकले की सगळं हेड गेलं, म्हणाला,
तेव्हा पाना शेवटी, तोही जरासा.
बिस्किटाच्या रंगाचा जुना
मी कागदात गुंडाळून डॅशबोर्डात ठेवला.
का, ते विचारू नका.

वहीत लिहिलं: "प्लग बदलले."
पुढे आकड्याची जागा.
एकसष्ट हजार लिहिणं खोटं,
एकवीस हजार झाले लिहिणं अंदाज.
शेवटी लिहिलं: "चौथी थंडी."

मग भोपाळला फोन लावला.
"गॅप किती ठेवली?" हा पहिला प्रश्न.
मग म्हणाला, "चालू कर. बॉनेट उघड. फोन धर तिथे."
मी धरला.
फाटकापाशी, शाल सावरत, हात लांब करून,
शेजारच्या गच्चीवरून बघणाऱ्यांना बघू देत.
इंजिन एका दमात, न चुकता.
पलीकडे अण्णा गप्प. खूप वेळ.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल
जे आम्ही कधी बोलत नाही.

"पंख्याचा पट्टा चिरकतोय," तो म्हणाला.
"उद्या दाखवून घे."